दुकान चालूच हाय

सकाळी दुकानात गेलं की माझं पहिलं काम कम्प्युटरला उठवायचं. झाडू नंतर, उदबत्ती नंतर. अप्पा खुर्चीत बसलेले असायचे, कपाळावर विभूतीचे पट्टे ताजे, आणि म्हणायचे, "हळू उठव गं. झोपलंय ते."

मी माऊस हलवायची. आतला पंखा घुरघुरायचा, कीबोर्डचे दिवे लागायचे, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी उघडी ठेवलेली लग्नपत्रिका पडद्यावर दिसायची. वधूचं नाव वाचून होईपर्यंत पडदा निळा. निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आणि एक तोंड पाडलेला चेहरा. मग काळोख. मग मशीन आपलं आपण पहिल्यापासून सुरू व्हायचं, आणि उघडी असलेली पत्रिका बिघडून बसलेली असायची. मी परत गणपतीच्या चित्रापासून सुरुवात करायची. एकेका नवरीचं लग्न मी दोन-दोनदा जुळवलंय.

"संध्याकाळी जाताना बंद करून गेलं तर हे होणार नाही, अप्पा," हे मी नोकरीला लागल्याच्या आठवड्यातच सांगितलं होतं. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून गेलेय. "बंद म्हणू नये," एवढंच म्हणाले.

आता 'बंद' हा शब्द आमच्या भागातला कुठलाच दुकानदार तोंडातनं काढत नाही. दुकान वाढवतात, दिवा शांत करतात, घरातनं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कोहिनूरला, म्हणजे माझ्या माहेरच्या गावी, आमच्या आईनं मला एकदा 'जाते' म्हटलं म्हणून बसच्या पायरीवरनं परत बोलावलं होतं. बस गेली, शब्द दुरुस्त झाला. तर त्यात नवल काही नाही. पण बाकीची माणसं शब्द टाळतात आणि काम उरकतात. अप्पांनी कामच टाळलं. "वाढवलं काय न् बंद केलं काय, शटर तर खालीच येतंय की," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांनी शटर कधी खालपर्यंत ओढलंच नाही. वितभर फट ठेवायचे. साखळी लावायचे, तीही सैल. त्या फटीतनं थंडीत कुत्री आत येऊन झोपायची, आणि एकदा तर एक कुत्री टाइपरायटरच्या टेबलाखाली व्याली होती. ती गोष्ट माझ्या आधीची. पिल्लं कुणी काढली, फरशी कुणी धुतली, ते मला पुढं कळलं.

कम्प्युटरच्या शटडाऊनला पण हाच नियम. संध्याकाळी तो नुसता झोपवायचा, म्हणजे 'स्लीप'वर टाकायचा. फाईल बंद करायची नाही, कारण तीही बंदच. मी कोहिनूरची, लग्न होऊन कन्नड मुलखातल्या या कल्याणला आलेली, कम्प्युटरचा कोर्स केलेली बाई. नवऱ्यानं विचारलं, "काम काय असतंय तिथं?" मी सांगितलं, "सकाळी उठवायचं, संध्याकाळी झोपवायचं." तो म्हणाला, "घरी पण तेच करतीस की."

अप्पांना यंत्रातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं तर ते चूक. इंग्रजी टायपिंग तर असं, कीबोर्डकडं बघायची सवयच नव्हती. पत्रिका मराठीत मी करायची, कन्नडमधली ते स्वतः बघायचे, आणि प्रूफ वाचताना दोन्ही भाषांतल्या माझ्या चुका काढायचे. कन्नड गिऱ्हाईक आलं की "बर्री, बर्री" म्हणून अर्धं उठायचे, मराठी आलं की "या, या" म्हणून अर्धं उठायचे. पूर्ण उठलेलं मी क्वचितच बघितलं.

दुकान मूळचं टायपिंग इन्स्टिट्यूट. मग त्यात कॅसेटी आल्या. मग एसटीडी बूथ. मग झेरॉक्स, आणि शेवटी कम्प्युटर न् लग्नपत्रिका. जगात एक धंदा गेला की माणसं सामान भंगारात घालतात आणि दुसरा मांडतात. अप्पांनी एकही धंदा गेला असं मानलं नाही. पुढचा आला तो मागच्याच्या पुढ्यात मांडला. त्यामुळं दुकानात शिरायचं म्हणजे आधी कम्प्युटर, मागं झेरॉक्सचं धूड, त्याच्यामागं काचेचा बूथ, मग कॅसेटींची मांडणी आणि सगळ्यात आत टाइपरायटरची रांग, रेक्झिनचे झगे घालून.

रोज सकाळी माझं उठवण्याचं काम चालू असायचं तेव्हा अप्पा आत चक्कर मारायचे. एका टाइपरायटरचा झगा काढून एक ओळ टाइप करायचे. एक कॅसेट लावायचे, भक्तीचं कन्नड वचन सुरू झालं की काढायचे. मग बूथमध्ये जाऊन रिसीव्हर कानाला लावायचे. लाईन कधीच कापली गेलेली. तरी जरा वेळ ऐकायचे आणि हळूच ठेवायचे. बाहेर येऊन म्हणायचे, "सगळं चालू हाय."

मी एकदा विचारलं, "अप्पा, फोनमधनं काय ऐकू आलं?"

"कुणी बोलायलं न्हाई," ते म्हणाले. "पण कुणी बोलायलं न्हाई म्हणून फोन बंद हाय का?"

मी परत नवरीचं नाव टाइप करायला लागले.

मोबाईल अप्पा वापरत नव्हते, बूथ होताच की. म्हणून दुकानाच्या कार्डावर नंबर माझा. त्याचाही एक नियम होता, नोकरीला ठेवतानाच घालून दिलेला. फोन करणारा पहिला प्रश्न हमखास तोच विचारतो, दुकान चालू हाय का. उत्तर एकच द्यायचं: "चालूच हाय, या." केव्हाही. कुठंही असलं तरी. चुलत बहिणीच्या लग्नात अक्षता टाकता टाकता मी ते उत्तर दिलंय. बाळंतपणाला कोहिनूरला गेले होते तेव्हा दिलंय. पुढं पुढं जीभच तशी वळली. घरी दाराशी कुणी 'हायत का' म्हणून हाक मारली की माझ्या तोंडून "चालूच हाय, या" निघायचं. सासूबाई म्हणायच्या, पोरीला त्या म्हाताऱ्यानं पढवलंय.

कम्प्युटरच्या दुखण्यावर इलाज करायला रफीक यायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुरुस्तीचं दुकान. पहिल्यांदा आला तेव्हाच सगळं ऐकून म्हणाला, "अप्पा, इसकू एक बार सीधे तरीके से बंद करके चालू करनाच पडता."

"दुसरं काही सांग," अप्पा म्हणाले.

मग रफीकनं दुसरं केलं. रॅमच्या पट्ट्या काढून शाळेच्या खोडरबरनं घासल्या. मदरबोर्डवरचा सेल बदलला. पॉवर सप्लायचा डबा बदलला. धूळ अशी काढली की शेजारचे टेलर मामा तोंडाला कापड बांधून बघायला आले. या कामांना मशीनची वायर काढावी लागते. रफीक म्हणायचा, "अप्पा, करंट निकालता हूँ," आणि अप्पा बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहायचे. करंट जाणं त्यांना चालायचं. करंट सरकारचा, तो येतो-जातो, त्यात आपला हात नाही. आपण होऊन बंद करायचं नाही, एवढंच.

प्रत्येक इलाजानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कम्प्युटरसमोर उभे. मी माऊस हलवायची. वधूचं नाव. निळा.

शेवटी रफीकला खरं कारण सापडलं. पडद्यावर चित्र दाखवणारा जो प्रोग्राम असतो, त्याचं नवं रूप येऊन मशीनमध्ये अर्धवट बसलं होतं. पूर्ण बसायला मशीन एकदा रीतसर बंद होऊन चालू व्हायला पाहिजे. जागेपणी जुन्यावर भागत होतं, झोपेतनं उठताना दोघांची गाठ पडायची. मी म्हटलं, "अरे पण निळं झाल्यावर ते आपोआप बंद होऊन चालू होतंयच की रोज."

रफीक म्हणाला, "वो गिरके उठना है दीदी. गिरके उठना अलग, बैठके उठना अलग."

अप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "रीस्टार्ट म्हणजे आधी काय व्हतंय?"

"पैले बंद होता, फिर चालू होता."

"पयलं बंदच की," अप्पा म्हणाले आणि रफीकला चहा सांगितला.

तुम्ही म्हणाल, अप्पांची पाठ वळल्यावर मी तो रीस्टार्ट दाबायचा होता. दाबला की. अप्पा आत बूथमध्ये रिसीव्हर धरून होते तेव्हा दाबला. पण त्या मशीनला इतक्या दिवसांची सवय सुटलेली, ते कूस बदलायलाच वेळ लावत होतं. अप्पा बाहेर आले, पडद्यावर 'शटिंग डाऊन' वाचलं, आणि जन्मात दाखवली नाही ती चपळाई दाखवून त्यांनी भिंतीतली वायर उपटली. मग वायर हातात धरून उभे राहिले. त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, जे चालू हाय ते आपल्या हातानं बंद करू न्हाई. मग ते परत चालू व्हतंय का न्हाई, कुणी बघितलंय?" मला वाटलं, म्हातारा कम्प्युटरबद्दल बोलतोय.

अप्पा एकटे राहायचे. दुकानाच्या वरच एक खोली, तिथं भाकरी करून खायचे. बायकोची चौकशी कुणी केली की सांगायचे, "पंचमीला माहेराला गेलीया."

मी नवी होते तेव्हा मला ते खरं वाटलं. नागपंचमीला आमच्याकडं लेकी माहेरी जातातच, झोके बांधतात, लाडू करतात, चार दिवस राहतात आणि येतात. श्रावण संपला, दसरा आला, दिवाळी झाली. संक्रांतीला मी परत विचारलं, "अक्का आल्या न्हाईत का अजून?"

"पंचमीला गेलीया," अप्पा म्हणाले. "येईल की."

मी टेलर मामांकडं गेले. ते काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय, पंचमीलाच गेलीया. तवा माझं पोरगं रांगत होतं." ते पोरगं आता पुण्याला गाडी चालवतं, त्याला स्वतःचं रांगतं पोर आहे.

दर पंचमीला अप्पा शेंगदाण्याचे लाडू करायचे, स्वतः, आणि डब्यात भरून उदगीरच्या बसच्या कंडक्टरकडं द्यायचे. अक्कांच्या भावाचं घर उदगीरच्या स्टँडपाशीच. लाडवांवर कागद ठेवायचे, आणि कागदावर दुकानाचं कार्ड. गिऱ्हाइकाला देतात तसलं, मागं महिन्यांचं कॅलेंडर असलेलं. मी म्हटलं, "अप्पा, चिठ्ठी लिहा की दोन ओळी." तर म्हणे, "नंबर हाय की कार्डावर." काही दिवसांनी डबा परत यायचा. रिकामा, घासून लख्ख, आत काही नाही. अप्पा तो उजेडाकडं धरून बघायचे. "बघ, खाल्लंय," म्हणायचे.

आणि स्वतः कधी का गेले नाहीत? उदगीर काही लंडनला नाही. भालकीवरनं सरळ बस जाते. हे मी विचारलं तेव्हा अप्पांनी शांतपणे सांगितलं, "दुकान चालू हाय ना."

खरं काय ते टेलर मामांनीच सांगितलं, एका दुपारी, सुईत दोरा ओवत ओवत. बूथचा भर होता तेव्हाची गोष्ट. दुबईला गेलेल्या पोरांचे फोन घ्यायला माणसं रांगेत उभी असायची. त्याच फोनवर निरोप आला की अक्कांचे वडील गेले. अप्पांनीच उचलला, ऐकला, आत जाऊन अक्कांना सांगितला. म्हणाले, "तू हो पुढं. एवढी रांग गेली की मी आलोच." अक्का दिराबरोबर गेल्या. रांग काही गेली नाही. एक गेला की दोन यायचे, अप्पा त्यांना बंद आहे म्हणू शकले नाहीत. सासऱ्याच्या मातीला जावई आलाच नाही. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा माणसं पांगलेली.

"भांडण झालं असंल," मी म्हटलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं," मामा म्हणाले. "परत आली, भाकऱ्या केल्या, कुत्रीची पिल्लं काढून फरशा धुतल्या. सगळं केलं. पंचमी आली तशी पिशवी घेऊन गेली."

त्या दिवशी मला अप्पांचा असा राग आला की मी चहा तसाच ठेवला. मरणाला न जाणं म्हणजे आमच्याकडं लहान गोष्ट नाही. वैरी असला तरी माणूस मातीला जातो. आणि हा माणूस वर त्याचं तत्त्व करून बसलाय, कुत्र्यांना फट ठेवतोय, मेलेल्या फोनला कान लावतोय. आपल्या हातानं बंद करू नये म्हणे. मी गेले ती तडक कम्प्युटरपाशी बसले आणि सबंध दुपार त्यांच्याशी फक्त 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलले. अप्पांच्या ते ध्यानातही आलं नाही. आमचं एरवीही तेवढंच चालायचं.

मग गेल्या वर्षीचा तो दिवस. पंचमी होऊन गेलेली, डबाही परत आलेला. दुपारी माझा मोबाईल वाजला. अनोळखी माणूस. मी म्हटलं, "चालूच हाय, या." तो म्हणाला, "मी उदगीरहून बोलतोय. अप्पांचा मेहुणा." अक्का न्हाणीत पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात होत्या. ऑपरेशन करायचं, पण शुगर फार वाढलेली, डॉक्टर खात्री देईनात. "सांगायचं काम सांगितलं," तो म्हणाला. "यायचं का न्हाई त्यांचं ते बघतील." आवाजात मागचं सगळं होतं.

मी अप्पांना सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं.

अप्पा म्हणाले, "गाडी कवा हाय?"

"आता एक हाय. मग संध्याकाळी."

"करजगीच्या पाव्हण्यांची पत्रिका राहिलीय," ते म्हणाले. "लांबनं येणार हायत. ते आले की निघतो."

अक्कांना मी बघितलंसुद्धा नव्हतं. पण माझा तोल गेला. मी खुर्ची मागं सारून उठले आणि म्हणाले, "अप्पा, या वेळेला तरी मातीच्या आधी जावा."

असं बोलायला नको होतं, पण मागं घेणार नाही. अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. बूथकडं बघितलं. मग उठले, पूर्ण उठले, आणि माझ्या खुर्चीत येऊन बसले. माऊस धरला. करजगीची पत्रिका बंद केली. मग कोपऱ्यातल्या बटणावर गेले, तिथं 'अपडेट करून शटडाऊन' असं किती दिवसांपासनं येऊन बसलं होतं. त्यांनी ते एकदा वाचलं आणि दाबलं.

मशीननं पडद्यावर लिहिलं की काम चालू आहे, कृपया बंद करू नका. मी कपाळाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बंद करतोय, तर मशीन म्हणतंय करू नका.

"तुम्ही जावा अप्पा, गाडी जाईल. मी बघते हे."

"न्हाई. बंद झाल्यालं बघून जातो."

आम्ही दोघं त्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडं बघत बसलो. अप्पांचे हात मांडीवर, पालथे. मध्येच म्हणाले, "तिला शेंगाचे लाडू डॉक्टर खाऊ देत न्हवते का काय. शुगर म्हणे." पडदा काळा झाला, पंखा थांबला, आणि दुकानात एवढी शांतता झाली की टेलर मामांचं मशीन पण थांबलं, आणि मामा दारात आले.

खरी पंचाईत पुढं झाली. शटर वितभरावर येऊन अडकलं. वर्षानुवर्षं तेवढ्याच जागी थांबलेलं, खालची वीत गंजून गेलेली. अप्पांनी ओढलं, मी ओढलं, मामांनी पाय देऊन बघितलं. हलेना. बसची वेळ होत आलेली. मामा घरात पळाले आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ओतली. मग तिघांनी मिळून दाबलं. ते ओरडत ओरडत खाली गेलं आणि उंबऱ्याला टेकलं. तिथं लावायला कुलूप नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. मामांनी आपलं दिलं. अप्पांनी ते लावलं, ओढून बघितलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि निघाले. "येतो" म्हणायलाही थांबले नाहीत. मामांनी त्यांना स्कूटरवर घालून स्टँडवर सोडलं.

कम्प्युटर त्यानंतर एकदाही पडला नाही, हे इथंच सांगून टाकते. झोपवा, उठवा, काही नाही. रफीकनं त्याचं श्रेय घेतलं आणि मी घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. दुकानात जायचं नाही, हे अंगवळणी पडेना, म्हणून सकाळपासनं डाळ निवडत बसले होते. करजगीच्या पाव्हण्यांना मामांनी परस्पर परत पाठवलं होतं. दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"दुकान चालू हाय का?" बाईचा आवाज, वय झालेला, जरा धाप लागलेली.

माझ्या जिभेवर ते उत्तर येऊन बसलं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. का कुणास ठाऊक, कालचा तो शटरचा आवाज कानात होता.

"न्हाई," मी म्हणाले. "बंद हाय."

पलीकडं कुणी बोललं नाही. मला वाटलं फोन कटला.

"बंद?"

"व्हय, बंद."

"कामून?"

"आमच्या मालकीणबाईंना बरं न्हाई. मालक उदगीरला गेलेत दवाखान्यात. ते येईपर्यंत बंदच हाय."

ती बाई हळूच म्हणाली, "वाढवलंय का बंद केलंय?"

हा प्रश्न गिऱ्हाइकाचा नव्हता. माझ्या हातातलं सूप खाली गेलं, डाळ सगळीकडं.

"बंद केलंय," मी म्हणाले. "कुलूप लावून."

"शटर खालपतोर टेकलं का? कुत्री शिरतेत."

"टेकलंय, अक्का. मामांनी तेल घालून टेकवलंय."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी डाळ गोळा करता करता रडले. सासूबाई म्हणाल्या, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई गेलं."

पुढं अक्कांच्या भाचीकडनं कळलं. अप्पा खाटेशेजारी येऊन बसले तेव्हा अक्का भिंतीकडं तोंड करून होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तसंच भिंतीला विचारलं, "दुकानात कोण हाय?" अप्पा म्हणाले, "कुणी न्हाई. बंद करून आलोय." अप्पा औषध आणायला खाली गेल्यावर अक्कांनी भाचीचा फोन मागितला, आणि उशाच्या पिशवीतनं कार्ड काढलं, मागं कॅलेंडर असलेलं. त्या वर्षाचं.

ऑपरेशनला त्या गेल्या तेव्हा अप्पांना म्हणाल्या म्हणे, "हितंच बसा." अप्पा बसले.

आता त्या दुकानात असतात. बूथचं दार काढून तिथं त्यांची खुर्ची ठेवलीय, कारण काठी घेऊन त्या अरुंद दारातनं वळता येईना. टाइपरायटर त्यांनी भंगारवाल्याला दाखवलेत, अप्पांनी किंमत कमी म्हणून अडवलेला सौदा अजून चालू आहे. संध्याकाळी त्या आतनं म्हणतात, "करा आता बंद, भूक लागली." अप्पा कम्प्युटर बंद करतात, पडदा काळा होईपर्यंत समोर बसतात, मग शटर ओढतात. मामांचं कुलूप अजून परत केलेलं नाही.

यंदा पंचमीला अक्का माहेरी गेल्या. चार दिवस झाल्यावर अप्पा त्यांना आणायला उदगीरला गेले. मला बऱ्याच जणांचे फोन आले. दुकान बंद होतं.